अरफाच्या नावाचा ताप

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. कुंभमेळा होऊन वर्ष लोटलं होतं आणि त्या ऑगस्टात गोदेला असा पूर आला होता, की पंचवटीतली भाजीवाली माणसं पुढे कितीतरी दिवस ओट्यांवरचा गाळ उपसत होती. सातपूरला पूर नव्हता. पण कारखान्यांच्या मागच्या नाल्याचं पाणी तुंबून राहिलं होतं, आणि दिवेलागणीला दार उघडं टाकून ओट्यावर बसायची जी त्या गल्लीची जुनी रीत, ती मोडली होती. डास घोंगावत आत शिरायचे.

त्या गल्लीत लंकाबाई राहायची. पेठकडच्या डोंगरातली बाई. नवरा रंगनाथ ओतकामाच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्यामागे सातपूरला आली. तेव्हा इथे निम्मी माळरानं होती, कंपनीचा भोंगा झाला की कोल्हे गप्प व्हायचे म्हणतात. रंगनाथ जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जीवन एका कंपनीत मशीनवर होता. आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळे घरात तो कधी जागा आणि कधी झोपलेला, हे विचारूनच बोलावं लागे. सून निकिता दिंडोरीकडची, बारावी झालेली, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तिला पाचवा महिना सरत आला होता. पहिलंच बाळंतपण.

एका दुपारी निकिता तांदूळ निवडता निवडता थांबली. तिचे दात वाजायला लागले. लंकाबाईनं दोन गोधड्या घातल्या तरी पोरीची हुडहुडी जाईना. मग अंग तव्यासारखं तापलं, मग दरदरून घाम फुटला, आणि संध्याकाळी ती उठून भाकऱ्या थापायला बसली, जणू काही झालंच नव्हतं. दुसरा दिवस चांगला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला परत तेच.

लंकाबाईनं निवडायचे तांदूळ बाजूला सारले. हे तिनं पाहिलेलं होतं. तिच्या गावी तिची थोरली जाऊ अशाच तापात, पोटात सहा महिन्यांचं असताना गेली होती. दिवसाआड यायचा तो. त्या जावेची आई भेटायला आली आणि दारातूनच ओरडली होती, "माझ्या यमुनेला ताप आला गं!" गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, बाईनं तापाला नाव सांगितलं, आता तो सोडतोय कशाला. पुढं दोन वर्षांनी लंकाबाईला स्वतःला तोच ताप लागला, तेव्हा तिच्या सासूनं तो चुकवला. तापाच्या पाळीच्या दिवशी उजाडायच्या आत तिला दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवलं, भलत्याच नावानं हाक मारली, आणि घरात तिच्या अंथरुणावर तिचंच लुगडं गुंडाळून वरवंटा निजवला. ताप आला, वरवंट्याला लागला, निघून गेला. लंकाबाई जगली. आता ती कशानं जगली हे तिला कोणी विचारलं असतं, तर ती दुसरं काय सांगणार?

तेव्हा तिनं घरात बंदी घातली. त्या दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर 'पाव्हणा' म्हणायचं.

समोरचं घर सलीमचं. तो गाद्या भरायचा. कापसाचे तंतू त्याच्या भुवयांतसुद्धा अडकलेले असायचे. त्याची बायको नूरबानो आणि लंकाबाई वीस वर्षांच्या शेजारणी. वाटीनं साखर, ताटलीनं शिरखुर्मा, दिवाळीच्या करंज्या, एकमेकींची भांडणं, सगळं त्या चार पावलांच्या गल्लीतून इकडून तिकडे जायचं. लंकाबाईनं हा बेत सांगितला तेव्हा नूरबानो पदर तोंडाला लावून हसली.

"म्हणजे तुझा पाव्हणा तुझ्या घरी चहा पिणार आणि सून माझ्याकडं?"

"हसू नको. तो हिला हिंदूच्या घरात शोधंल. तुझ्याकडं येयाचं त्याला सुचायचं नाय."

"आणि नाव काय ठेवू हिचं?"

नूरबानोच्या बहिणीची मुलगी अरफा मालेगावला होती, तिचंच नाव आधी जिभेवर आलं. ठरलं, की पाळीच्या दिवशी निकिता म्हणजे अरफा.

निकिताला हे खुळचट वाटलं होतं. पण पहिल्याच खेपेला ती पहाटे नूरबानोच्या गाद्यांच्या ढिगाआड जाऊन निजली, आणि दुपार झाली, संध्याकाळ झाली, तरी हुडहुडी आली नाही. कशी आली नाही, कोण जाणे. लंकाबाईनं शिरा केला. त्या दिवसापासून निकिताही घरात दबक्या आवाजात बोलायला लागली.

पुढच्या पाळीला मात्र घोटाळा झाला. जीवन रात्रपाळी करून सकाळी घरी आला. खोलीत अंधार, अंथरुणावर पांघरूण घेतलेली बायको. तो बूट काढत काढत तिच्याशी बोलत राहिला, साहेबानं सुट्टी नाकारली ते सांगितलं, बाळाला रुद्र नाव ठेवू म्हणाला, आणि उत्तर येईना तेव्हा जरा मोठ्यानं म्हणाला, "निकिता, रागावलीस का?" मग पांघरूण ओढलं. साडीत गुंडाळलेला वरवंटा पाहून तो तसाच उभा राहिला. आईला विचारलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, घेतलंस नाव, आता बस बोंबलत. जीवनला काय घेतलं आणि कशाला बोंबलायचं, काहीच उमगलं नाही. तो झोपून गेला. त्या काळात त्याला घरातलं निम्मंच कळायचं, आणि तेवढ्यावर तो भागवायचा.

आणि त्या दुपारी समोरच्या घरात निकिताला कडकडून हिव भरलं. लंकाबाईला कारण मिळालं होतं, त्यामुळे तिचा उपायावरचा विश्वास काही ढळला नाही.

नेमका त्याच वेळी पालिकेच्या दवाखान्याचा माणूस पुंजाराम आला. घरोघर जाऊन ताप कोणाला येतो का विचारायचं, टाक्यांत बॅटरी मारून अळ्या बघायच्या, हे त्याचं काम. गोधडीखाली कोणी कुडकुडतंय हे त्याला दारातूनच दिसलं. त्यानं बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा ठिपका घेतला आणि नाव विचारलं.

नूरबानोनं लंकाबाईकडं पाहिलं. पाळीच्या ऐन घडीला, ताप अंगात असताना खरं नाव उच्चारायचं? लंकाबाई घाईनं म्हणाली, "अरफा."

वय नूरबानोनं सांगितलं, एकोणीस. मग पुंजारामनं नेहमीप्रमाणे विचारलं की पोटुशी वगैरे नाही ना. नूरबानोच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी खरी अरफाच आली असावी. ती म्हणाली, "अगं बाई, लग्न कुठं झालंय तिचं अजून?" बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पण तोवर पुंजाराम शेजारच्या टाकीत बॅटरी मारत होता, आणि एकदा सांगितलेलं कसं फिरवायचं हे दोघींनाही सुचलं नाही.

मधल्या चांगल्या दिवशी लंकाबाई निकिताला पालिकेच्या दवाखान्यात तपासणीला घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं निकिताच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि कोड्यात पडली. महिन्यापूर्वी बरं होतं, गोळ्या चालू आहेत, तरी रक्त इतकं उतरलं कसं? पोटावर टेप लावून पाहिली. बाळाची वाढही जरा मागंच वाटत होती. ती म्हणाली, ताप येतो का अधूनमधून?

"नाय," लंकाबाई म्हणाली. "तसलं काय नाय."

निकितानं सासूकडं पाहिलं. मग जमिनीकडं. त्या दिवशी खरोखरच तिला ताप नव्हता, आणि नसलेल्या गोष्टीला बोलवायचं कशाला, असं तिलाही आता वाटू लागलं होतं. डॉक्टरणीनं लोहाच्या गोळ्या वाढवल्या, पालेभाजी खा म्हणाली आणि आठवड्यानं परत बोलावलं.

मग बकरी ईद आली, आणि ईदेला मालेगावहून खरी अरफा आली. टपोऱ्या डोळ्यांची, बडबडी पोरगी. गादीवर लोळत मोबाईल पाहायची आणि मावशीनं हाक मारली की "आले ना, खाला," म्हणून तिथंच पडून राहायची. तिच्या नावाचं या गल्लीत काय चाललंय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

ईदेच्या दुसऱ्या दिवशी नूरबानो नातलगांकडे गेली होती आणि घरी अरफा एकटीच होती. पुंजाराम दारात आला.

"अरफा कोण?"

"मी."

"तुझ्या रक्तात मलेरिया निघालाय. गोळ्या आणल्यात."

अरफा म्हणाली, मी रक्त दिलंच नाही. पुंजारामला हे नवीन नव्हतं. गोळ्या बघितल्या की अर्धी गल्ली असंच म्हणायची. घर तेच, नाव तेच, वय तेच. गोधडीखालच्या पोरीचं तोंड त्यानं त्या दिवशी धड पाहिलं नव्हतं. त्यानं आधी कडू गोळ्या तिला समोर गिळायला लावल्या, चौदा दिवस घ्यायच्या लहान गोळ्यांची पाकिटं हातात ठेवली, आणि उपाशी पोटी घेऊ नकोस, असं जाताना सांगितलं. ती उपाशीच होती.

थोड्या वेळानं लंकाबाई ताटलीत थालीपीठ घेऊन आली, तेव्हा अरफा त्याच कोपऱ्यात, तीच गोधडी ओढून पडली होती. एकदा उलटी झाली होती. कानात गुंई आवाज येतोय म्हणाली.

"मावशी, मला मलेरिया झाला म्हणे. माझ्या रक्तात सापडला. मला तर कळलंसुद्धा नाही."

लंकाबाई ताटली घेऊन तशीच उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी पाळी होती निकिताची. आणि निकिता सकाळपासून निपचित होती खरी, पण तिला हिव भरलं नव्हतं. कपाळ थंड होतं. म्हणजे तो गेला. नाव विचारत विचारत आला, आणि ज्या नावानं त्याला चकवलं, त्या नावाची पोरगी त्याला या घरात सापडली.

लंकाबाई घरी आली. निकिता भिंतीकडं तोंड करून निजली होती. लंकाबाईनं तिच्या कपाळाला परत हात लावला, थंड. देवापुढं साखर ठेवायला हवी होती. ती डब्यापर्यंत गेली आणि रिकामा हात घेऊन परत आली. सुटका झाली म्हणावं, तर साखरेला हात का लागत नव्हता? वरवंट्यावर ताप घालवणं वेगळं. अरफाचं लग्न ठरल्यात जमा होतं. ती पोर ईदेला मावशीकडं आली होती, नवा ड्रेस घालून. तिनं कोणाचं काय केलं होतं?

नूरबानो परत आली, भाचीचं ऐकलं, आणि आधी हसली. मग तिला हसू येईना. ती तशीच गल्ली ओलांडून आली.

"लंकाबाई, ते रक्त अरफाचं नाही गं. निकिताच्या बोटातलं आहे."

"रक्त निकिताचं," लंकाबाई म्हणाली, "पण नाव अरफाचं दिलं ना आपण. ताप नावाला लागलाय."

"माझं डोकं फिरवू नको."

"मग पोरगी पडली का तशी? सकाळी तर गोष्टी सांगत होती."

 नूरबानोनं आयुष्यात असल्या गोष्टी मानल्या नव्हत्या. पण भाची उलट्या करत होती, ते डोळ्यांना दिसत होतं. गोळ्यांनी होतं की तापानं? रक्त एकीचं, नाव दुसरीचं, आणि औषध त्या दुसरीच्याच पोटात. आतल्या खोलीतून निकितानं पाणी मागितलं, ते इतक्या बारीक आवाजात की दोघींना आधी कळलंच नाही कोण बोललं. नूरबानो आत डोकावली, तिच्या पांढऱ्याफटक ओठांकडं पाहत राहिली, आणि बाहेर येऊन लंकाबाईसमोर उभी राहिली.

"बरं. तू म्हणतेस तसं असेल, तर मग काढ तो माझ्या पोरीवरचा."

"कसा काढू?"

"तूच घातलास ना नाव सांगून? तूच जाऊन खरं नाव सांग."

हे नूरबानो मनापासून बोलली, की शेजारणीला ओळखून बोलली, हे कोणाला कधी कळलं नाही.  लंकाबाईपुढं दोन पोरी होत्या. नाव सांगितलं नाही तर तिची सून वाचली होती, तिचं नातवंड वाचलं होतं. यमुनेचं झालं तसं आता होणार नव्हतं. आणि सांगितलं तर घालवलेल्याला हातानं धरून परत घरात आणायचं.

तिनं चूळ भरली, पदर डोक्यावरून घेतला आणि निकिताला उठवलं. चल म्हणाली. कुठं, हे सांगितलं नाही. नूरबानोनं दुसऱ्या बाजूनं निकिताचा दंड धरला, आणि तिघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. पुंजाराम तिथंच बाकावर चहा घेत होता. डॉक्टरीण होती, आणखी चारदोन बाया होत्या. लंकाबाईनं सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच, सांगितलं:

"हिचं नाव निकिता जीवन. सहावा महिना लागलाय. ताप हिला येतो, दिवसाआड. अरफाला नाय. अरफाचं नाव मी खोटं सांगितलं."

बोलून झाल्यावर ती थांबली, कानोसा घेतल्यासारखी. आणि बाकावर टेकवलेली निकिता थरथरायला लागली. पाळीची वेळ कधीच टळून गेली होती, तरी तिचे दात वाजू लागले. लंकाबाईनं डोळे मिटून घेतले. आला तो. हाक मारली आणि आला.

"आई," निकिता म्हणाली, "तुम्ही माझं नाव का घेतलंत?"

"ती दुसऱ्याची लेक हाय, पोरी."

पुढचं सगळं घाईत झालं. पुंजारामचा चहा बाकावर राहिला. त्याला लहान गोळ्या आठवल्या, त्या पोटुशी बाईला चालत नाहीत; गोधडीखालच्या पोरीलाच त्या दिल्या असत्या तर, या विचारानं तो उठून उभा राहिला. डॉक्टरणीनं पुन्हा रक्त घेतलं. मलेरियाच होता, आणि अंगातली साखरही उतरली होती. ती लंकाबाईला रागावली नाही. तिचं कोडं सुटलं होतं. म्हणाली, हा ताप आईचं रक्त खातो, त्यात बाळाकडं जाणारं पोषणही तुटतं; लोहाच्या गोळ्या कितीही देत राहिले असते तरी रक्त वाढलं नसतं, आणि आणखी थोडे दिवस गेले असते तर दोघांचंही सांगता आलं नसतं. निकिताला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. सलाईन लागली, रक्ताची बाटली लागली, मलेरियाच्या कडू गोळ्या सुरू झाल्या. जीवन कंपनीतून थेट तिथं आला आणि बायको खरीच आहे ना, हे त्यानं आधी हात लावून पाहिलं.

ताप उतरला. अरफाही दुसऱ्या दिवशी उठून बिर्याणी खायला बसली. लंकाबाईनं दोघींना उठलेलं पाहिलं आणि तिची पार गल्लत झाली. तिनं नाव सांगितलं म्हणून अरफा सुटली, हे ठीक. पण मग निकिता कशी सुटली? वरवंटा नाही, दुसरं घर नाही, खोटं नाव नाही. डॉक्टरीण गोळ्यांनी म्हणायची. लंकाबाई मान हलवायची. तिच्या मनातला हिशेब कुठंतरी चुकत होता आणि तो कुठं, हे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुंजाराम पुढे निवृत्त झाला आणि गावाकडं द्राक्षाच्या बागेत रमला. त्या वर्षानंतर गोधडीखालच्या माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय त्यानं कधी नाव टिपून घेतलं नाही, असं त्याच्याबरोबरचे सांगत. अरफाचं लग्न त्याच थंडीत मालेगावला झालं. तिला दोन मुलगे आहेत, आणि आपल्याला एकदा मलेरिया झाला होता, असं ती अजून ठासून सांगते. सलीमला दमा जडला, कापसाचं काम सुटलं, तेव्हा तो आणि नूरबानो मालेगावला मुलाकडं राहायला गेले. जीवन त्याच कंपनीत आहे, आता त्याला रात्रपाळी नसते.

निकिताला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी, दोन किलोला कमी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तिचं नाव दिशा. शाळेत जाते, अंगानं बारीक आहे, पण पळण्यात मुलांना ऐकत नाही. निकितानं बाळंत झाल्यावर त्या लहान गोळ्या डॉक्टरणीला विचारून पूर्ण केल्या. अशक्तपणा मात्र तिला दोन वर्षं पुरला. जिना चढताना मध्ये थांबायची. दुसऱ्या खेपेला, धाकट्या साईच्या वेळी, अंग नुसतं कसकसलं तरी ती उठून आपणहून रक्त द्यायला जायची.

लंकाबाई तीन वर्षांपूर्वी गेली, नाशकात, मुलाच्या घरी, दुपारची झोपेतच. नूरबानो मालेगावहून पहिल्या बसनं आली आणि तेराव्यापर्यंत राहिली.